एकेचाळीस फोटोंतला लाल पेचकस

मी एक जुना पेचकस आहे. तुम्ही मला स्क्रू-ड्रायव्हर म्हणाल. म्हणा, मला राग नाही. मूठ लाल, अंग काडीसारखं, टोकाला एक टवका उडालेला. पण मित्रांनो, नुसत्या रूपावर जाऊ नका. मी पुस्तकात आहे, आणि एकदा नव्हे, एकेचाळीस फोटोंत आहे. ज्यांनी पुस्तक केलं त्यांचा स्वतःचा फोटो त्यात एकच आहे.

माझा जन्म १९६२ सालचा. शाहूपुरीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्या अमीन मिस्त्रींनी सायकलच्या चाकाची एक तार घेतली, ती तापवली, ठोकली, पाण्यात बुडवली आणि तिला लाल मूठ बसवली. तोच मी. बाजारचे पेचकस जिथं शिरत नाहीत, तिथं मी शिरायचो. बिद्रीहून लोक एस.टी.त मांडीवर रेडिओ घेऊन यायचे आणि गाणं ऐकतच परत जायचे. मिस्त्री त्यांच्यासमोर मला उचलून म्हणायचे, "माझं काय न्हाय, पावणं. हे लाल्याचं काम हाय." मी फुगून जायचो, हे कबूल करतो.

पण मिस्त्रींच्या एका डोळ्यात फार पूर्वी तारा जोडताना वितळलेल्या शिशाचा थेंब उडून फूल पडलं होतं. १९७४ साली दुसऱ्या डोळ्यासमोरही धुकं यायला लागलं. डॉक्टरांनी मान हलवली. दुकान कोण चालवणार? घरात एकटी मुलगी, मेहमुदा. तिनं तोवर रेडिओचं फक्त बटण फिरवलं होतं.

"अब्बा, मी शिकते की," ती म्हणाली.

"मला नीट दिसत न्हाय, तुला दाखवू कसं?" मिस्त्री म्हणाले. मग त्यांनाच सुचलं. डोळा आहे तोवर एक पुस्तक करायचं, असं की काहीच न येणाऱ्या माणसानं फोटो बघून रेडिओ दुरुस्त करावा. मिस्त्री सांगणार, मेहमुदा लिहिणार आणि शिवाजी पेठेतले जोतीराम फोटोवाले फोटो काढणार. पुस्तकाची परीक्षा मेहमुदानंच द्यायची. जमलं तर दुकान तिचं. नाही जमलं तर शुक्रवारी एक कापडवाले येणार होते, त्यांना दुकान देऊन टाकायचं.

जोतीराम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा बादशहा. त्यांनी उघडा रेडिओ पुसून चकचकीत केला, समोरून उजेड टाकला आणि नवरदेवाचा काढावा तसा अख्ख्या रेडिओचा फोटो काढला. फार देखणा आला. पण आतले भाग तिळाएवढे दिसत होते. मग जवळून फोटो घेतले, तेव्हा मिस्त्रींनी बोटानं भाग दाखवला आणि बोटाखाली भागच झाकला गेला. तेव्हा कुठं त्यांना माझी आठवण झाली. माझ्या बारीक टोकानं नेमकी जागा दिसली. भाग केवढा ते कळावं म्हणून शेजारी आगपेटीतली काडी ठेवली. फोटो काळे-पांढरे, म्हणून तारांचे रंग मेहमुदानं बाजूला लिहिले. आता काही अडणार नाही, असं मलाही वाटलं.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्रींनी मेहमुदापुढं वेगळ्या बनावटीचा एक मुका रेडिओ ठेवला आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसले. जळका रेझिस्टन्स, म्हणजे वीज रोखणारा शेंगदाण्याएवढा भाग, शोधून बदलायचा, एवढंच काम होतं. मेहमुदानं 'जळालेला रेझिस्टन्स असा दिसतो' हा फोटो समोर धरला. मी त्यात ऐटीत उभा होतो. तिनं तास घालवला, एक रेझिस्टन्स काढला, नवा जोडला आणि बटण फिरवलं. रेडिओ हूं की चूं करेना.

मिस्त्रींनी काढलेला भाग हातात घेतला, चाचपला, नाकाला लावला. "हा तर धडधाकट हाय," ते हळू म्हणाले. "ऱ्हाऊ दे, पोरी. शुक्रवारी त्यास्नी हो म्हणून टाकतो."

मेहमुदा तिथंच बसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण बोट दाखवणारा मीच होतो. मग तिनं डोळे पुसले आणि फोटो पुन्हा रेडिओशेजारी धरला. रेडिओत एक रेझिस्टन्स काळा पडलेला होता. तिनं तो मळ समजून सोडला होता, कारण फोटोतला 'जळालेला' रेझिस्टन्स नव्या नवरीसारखा गोरापान होता.

ती मला आणि फोटोला घेऊन तडक शिवाजी पेठेत गेली. "जोतीरामकाका, ह्याच्यावरचा काळा डाग कुठं गेला?"

"मीच काढला की," जोतीराम अभिमानानं म्हणाले. "निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल फिरवली. आमच्याकडं देवीचे व्रण असलेला माणूस आला, तरी फोटोत त्याचे गाल साफ येत्यात. तुमचा तर रेडिओ!"

"काका, तो डागच तर शिकायचा हाय."

जोतीरामांनी कॅमेरा खांद्याला अडकवला आणि ते तिच्यासोबत शाहूपुरीत आले. या वेळी त्यांनी पेन्सिल घरीच ठेवली. धूळ तशीच राहू दिली. आधी ते रेडिओच्या पलीकडून फोटो घ्यायचे, त्यामुळं शिकणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसायचं. आता ते मिस्त्रींच्या खांद्यामागं स्टुलावर चढले. जळका भाग आणि चांगला भाग शेजारी ठेवून एकाच फोटोत घेतला. दोन्हींच्या मधे मी होतो.

शुक्रवारी कापडवाल्यांच्या आधी बिद्रीचे एक पाहुणे बंद रेडिओ घेऊन आले. मिस्त्रींनी हात मांडीखाली दाबून धरले. मेहमुदानं नवे फोटो पुढं ठेवले, मला उचललं आणि काळा भाग शोधून बदलला. बटण फिरवताच आधी खरखर आली, मग शेतीच्या बातम्या. हवामान सांगणारा माणूस बोलत होता आणि मिस्त्री रडत होते. कापडवाले आले ते चहा पिऊन परत गेले.

पुस्तक छापायच्या आधी जोतीरामांनी पहिल्या पानासाठी मिस्त्रींचा फोटो काढला. "अमीनभाई, डोळ्यातलं पांढरं फूल तेवढं ब्रशनं काळं करू का? कुणाला कळणार न्हाय."

"ऱ्हाऊ दे," मिस्त्री म्हणाले. "काय बिघडलंय ते शिकणाऱ्याला दिसलंच पायजे."

मित्रांनो, आता मी मेहमुदाच्या खणात असतो. ती मला तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवते. तुम्हीही आपली हत्यारं अशीच जपा. आणि कधी कुणाला काही शिकवायची वेळ आली, तर त्याच्या मागं उभं राहून, त्याच्या बाजूनं बघा. माझ्या टोकाचा टवका मेहमुदा घासून काढणार होती. मिस्त्रींनी तिला थांबवलं. एकेचाळीसही फोटोंत तो स्पष्ट दिसतो, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.