तापेपुकूच्या फिरत्या पेटीचे गाऱ्हाणे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे आणि सध्या माझे डोके फिरलेले आहे. पेटीला डोके नसते हे मलाही कळते. पण जे मी ऐकत आले ते ऐकले असते तर दगडाचेही फिरले असते.

पेटी म्हटल्यावर कपड्यांची ट्रंक डोळ्यांसमोर आणू नका. मी उभी आहे, वरून कमानीची. पुढे दोन दारे, वर धरायला कडी. दारे उघडली की आत निळ्या झग्यातली वीतभर उंचीची मरियामाता दिसते. ती शांत आहे, ती कधी चिडत नाही. चिडते ती मी.

पाराग्वायमधल्या तापेपुकू गावात माझा जन्म झाला. तिथल्या चर्चचे जुने दार मोडकळीला आले, तेव्हा सिल्विनो सुताराने त्यातले चांगले लाकूड निवडून मला घडवले. म्हणजे मी जन्माने दारच. उघडावे आणि येईल त्याला आत घ्यावे, हा माझा स्वभाव.

त्या काळी फादर रेमिहियो एकटे होते आणि त्यांच्या पदरात गावे होती ढीगभर. आमच्या वाट्याला महिन्यातून एक मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, यायची, तीही लाल मातीचा रस्ता पावसात वाहून गेला नाही तर. बाप्तिस्म्याची वाट बघता बघता बाळे चालायला लागायची. तेव्हा फादरनी मला दोन्ही हातांनी उचलून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाले, "ही पेटी रोज एका घरी जाईल. त्या घराने हिच्यापुढे जपमाळ म्हणायची. मागायचं एवढंच, की आपल्या पोरापोरींतून कुणी धर्मगुरू होवो, कुणी धर्मभगिनी होवो. दुसऱ्या दिवशी हिला शेजारच्या घरी पोचवायचं."

नीट ऐकलेत ना, मित्रांनो? "आपल्या पोरापोरींतून" असे म्हणाले होते ते. गावाने पहिल्याच आठवड्यात त्यातले "आपल्या" गिळून टाकले.

सुरुवातीला माझे कौतुक काय सांगू! मी दारात आले की फटाके वाजत. मला खाली ठेवायला आजीच्या पेटाऱ्यातले विणलेले रुमाल बाहेर निघत. पुढे सवय झाली आणि सवयीबरोबर हेळसांड आली. कुणी मला शिलाई मशीनवर ठेवले, कुणी फ्रिजवर. एका घरी फुटबॉलच्या सामन्यात गोल झाला तेव्हा आनंदाच्या भरात मेणबत्ती माझ्यावर पडली आणि उजवे दार करपले. डावी बिजागरी तुटली, तिथे तार बांधली. ती तार अजून आहे. या कशाबद्दल माझी तक्रार नाही, लाकडाला हे चालायचेच.

माझी तक्रार आहे ती प्रार्थनेबद्दल. माणसे मोठ्याने म्हणतात, "माते, धर्मगुरू पाठव." आणि मग माझ्या दाराशी तोंड आणून पुढचे हळूच म्हणतात. एर्मेस मास्तर म्हणायचे, "आमचा एकुलता एक आहे, त्याला इंजिनियर व्हायचंय. पलीकडे त्या लोकांची सात आहेत, त्यांतला बघ एखादा." पलीकडच्या सात पोरांची आई म्हणायची, "माझी पोरं मातीतली माणसं. मास्तरांचा मुलगा हुशार आहे, माते." पाद्री जन्मावा, पण शेजारच्या घरात! पिढ्या झाल्या, हेच चालले आहे. मला दात असते तर मी कधीच करकरा चावले असते.

या सगळ्यांत मोठा आवाज होता न्या लिब्रादाचा. "न्या" म्हणजे आपले काकू-मावशी म्हणतो तसेच. न्या लिब्रादा चिपा विकायची. चिपा म्हणजे कसावा या कंदाचे पीठ, चीज आणि बडीशेप मळून मातीच्या भट्टीत भाजलेले कड्याच्या आकाराचे खमंग पाव. ते गरम पाव टोपलीत भरून बसथांब्यावर न्यायची, म्हणजे घर चालायचे.

तिचा नवरा अनास्तासियो आजारी पडला तेव्हा शेवटपर्यंत "फादर आले का?" एवढेच विचारत होता. फादर तेव्हा नदीपलीकडच्या गावात होते. ते पोचले ते माती देऊन झाल्यावर. त्याच्या उशाशी बसून होती ती दवाखान्यात सेवा करणारी धर्मभगिनी, सिस्टर गाउदेन्सिया. तिने त्याचा हात धरला, ओठ ओले केले, त्याच्या कानाशी प्रार्थना म्हटली. तेव्हापासून न्या लिब्रादा माझ्यापुढे बसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचे. तिचे दुःख खरे होते, त्यात खोट काढणार नाही.

पण ती मागायची काय? "माते, माझा ओस्मार घे." ओस्मार तिचा थोरला. सूर्य डोक्यावर आला तरी दोरीच्या झुल्यात लोळत पडलेला. "कामाला तो कुठं टिकत नाही, पण आवाज गोड आहे. मिस्सा छान गाईल." वाटले, दोन्ही दारे तिच्या नाकावर आपटावीत. देवाचे घर म्हणजे काय पांजरपोळ आहे, की कामाला न येणारे आणून बांधावे?

धाकटी निमिया मात्र माझ्याशी फार बोलत नसे. भट्टी पेटवणे, पीठ मळणे, टोपली उचलणे, सगळे तिच्या अंगावर. संध्याकाळी माझ्यासमोर गप्प बसायची आणि उठताना म्हणायची, "मला नीट कळू दे, एवढंच."

एके दिवशी मी त्यांच्या घरी असताना, पीठ मळता मळता तिने विषय काढला.

"आई, पवित्र आठवडा झाला की मी सिस्टर गाउदेन्सियांकडे राहायला जाईन म्हणते."

"जा की. चार दिवस हवापालट होईल."

"चार दिवस नाही गं. त्यांच्या मठात. सिस्टर व्हावंसं वाटतंय मला."

न्या लिब्रादाचे हात पिठातच थांबले. "कुणी भरवलं हे डोक्यात? त्या गाउदेन्सियाने?"

"त्यांनी उलट मलाच थांबवलं. म्हणाल्या, घाईनं हो म्हणू नकोस आणि भीतीनं नाही म्हणू नकोस. रोजची कामं कर, प्रार्थना कर, आणि बघ मनातून जातंय का. बाबा गेले तेव्हापासून बघतेय, आई. जात नाही."

"आणि भट्टी? टोपली कोण नेणार थांब्यावर? हा? याला ऊन सोसत नाही म्हणे!"

"मला कुणी हाक मारली का?" झुल्यातून ओस्मार म्हणाला.

"झोप तू!" दोघी एकदम ओरडल्या.

मग न्या लिब्रादा माझ्याकडे वळली, पिठाने भरलेले बोट रोखून. "आणि माते, तू! मी नाव कुणाचं सांगितलं होतं? ओस्मार म्हटलं होतं, ओस्मार! या घरातलं एकच चालतं चाक, नेमकं तेच सापडलं तुला?"

आमच्याकडे संतांना शिक्षा करायची जुनी रीत आहे. लग्न जमेना की मुली संत अंतोनींच्या मूर्तीला उलटे टांगून ठेवतात. न्या लिब्रादाने माझी दारे धाडकन लावली, टोपलीची दोरी घेऊन मला करकचून बांधले आणि भट्टीशेजारी भिंतीकडे तोंड करून बसवले. "पोरीच्या डोक्यातलं खूळ जाईपर्यंत इथून हलायचं नाही," ती म्हणाली. पुढे कितीतरी दिवस माझ्यासमोर एक भिंत आणि एक पाल, एवढेच जग होते. मायलेकी एकमेकींशी फक्त मीठ आणि सरपण यांविषयी बोलत.

दुसऱ्याच दिवशी शेजारची न्या कास्तोरिना मला न्यायला आली. पुढची पाळी तिच्या घराची होती.

"पेटी मिळायची नाही," न्या लिब्रादा म्हणाली.

"अगं, पण का?"

न्या लिब्रादाने रडत रडत सगळे सांगितले. न्या कास्तोरिनाने कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण केली. "म्हणजे ऐकते म्हणायची माता! इतक्या वर्षांनी ऐकलं गं!"

आणि मग तिला आपले घर आठवले. तिच्या घरी दोन नातवंडे होती आणि दोन्ही मिस्सेला पुढच्या बाकावर बसणारी. माझी पाठ तिच्याकडे होती, तरी तिचा आवाज बदललेला मला कळला.

"राहू दे मग पेटी तुझ्याकडेच. आमच्या कोंबड्यांना नाहीतरी काहीतरी रोग आलाय. घरात घाण फार." ती आली होती त्याच्या दुप्पट वेगाने परत गेली.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. एर्मेस मास्तरांच्या घरी अचानक रंगकाम निघाले. सात पोरांच्या आईने सांगितले की फ्रिज बिघडला आहे, त्यामुळे पेटी ठेवायला जागा नाही. जागा नाही! मी फ्रिजच्या आत बसत होते काय? मित्रांनो, पाण्यासाठी नवस करायचा आणि विहिरीला झरा लागला की बादली टाकून पळायचे, अशी माणसे तुम्ही कुठे पाहिली आहेत का? मी पाहिली. एक अख्खी गल्ली.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार आला. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी चिपा भाजतात, कारण शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या दिवशी, चूल पेटत नाही. ज्यांच्याकडे भट्टी नाही त्या बायका आपापले पीठ घेऊन न्या लिब्रादाच्या अंगणात जमल्या. निमिया भट्टीतले निखारे बाजूला ओढत होती. सगळ्या जणी न्या लिब्रादाशी अशा हळू आवाजात बोलत होत्या, जणू घरात कुणी गेले आहे.

"कसं सोसतेस बाई!" न्या कास्तोरिना म्हणाली. "मी तर खरं सांगते, मागताना नेहमी हळूच म्हणते, आमच्या घरातून नको हं."

"मीसुद्धा," दुसरी म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या.

न्या लिब्रादा हसली नाही. "अनास्तासियो गेला तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली होतीस तू, कास्तोरिना. म्हणालीस, फादर हवे होते गं. कुठून येणार होते फादर? झाडाला लागतात? कुणाच्या तरी आईनंच जन्माला घालायचे ना? आणि ती गाउदेन्सिया, जिनं माझ्या माणसाला शेवटचं पाणी पाजलं, तिला आई नव्हती? तिच्या आईनंही अशीच दारं बांधून ठेवली असती तर..."

तिथे ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या कानांवर उशिरा पडले. भिंतीकडे तोंड करून, तिच्याच टोपलीच्या दोरीने बांधलेली मी तिच्या शेजारीच होते.

न्या लिब्रादाने हात पुसलेसुद्धा नाहीत. तशाच हातांनी तिने मला वळवले आणि गाठ सोडायला लागली. तेव्हाचे पीठ अजून माझ्या तारेत वाळून बसले आहे, आणि ते कुणी खरवडलेले मला चालणार नाही.

"निमिया," ती लेकीकडे न बघता म्हणाली, "एकदा गेलीस की संपलंच का गं?"

"नाही आई. आधी राहून बघायचं असतं. वर्ष, दोन वर्षं. त्यांनीही मला बघायचं, मीही त्यांना बघायचं. आपली जागा ती नाही असं कळलं तर परत यायचं. त्यात लाज कसली?"

"परत आलीस तर भट्टी तापलेलीच असेल." न्या लिब्रादाने गाठ ओढून सोडवली. "आणि नाही आलीस, तर रविवारी येऊन भेटत जाईन. चिपा घेऊन. त्या मठात काय खायला देतात, देव जाणे."

निमिया रडली. मग तिची आई रडली. भट्टीतली पहिली चिपा मात्र करपली.

त्याच संध्याकाळी न्या लिब्रादाने मला डोक्यावर घेतले आणि सरळ न्या कास्तोरिनाच्या घरी गेली. न्या कास्तोरिनाने दार अर्धेच उघडले. "कोंबड्या..." ती म्हणाली.

"कोंबड्या मरू देत," म्हणत न्या लिब्रादा आत शिरली. तिने मला टेबलावर ठेवले, दोन्ही दारे पूर्ण उघडली आणि गुडघे टेकले. नातवंडे येऊन बाजूला बसली. तिचा आवाज त्या दिवशी अजिबात मोठा नव्हता.

"माते, धर्मगुरू पाठव. धर्मभगिनी पाठव. कुणाच्या घरातून ते तू ठरव."

न्या कास्तोरिना उभीच होती. तिने एका नातवंडाकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. किती तरी वेळाने तिच्या तोंडून "आमेन" निघाले, एवढेसे, पण निघाले. मी आयुष्यात ऐकलेले ते पहिले खरे आमेन.

ईस्टरनंतर निमिया ज्या थांब्यावर चिपा विकायची तिथूनच बसने गेली. ओस्मार आता पहाटे भट्टी पेटवतो, शिव्या देत का होईना.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवी बिजागरी नको. तुमच्यापैकी कुणाच्या मनात अशी हाक हळूच येत असेल, तर तिला हसू नका आणि घाबरूही नका. जाणत्या माणसाला विचारा, वेळ घ्या, जाऊन बघा. आणि आईवडीलहो, मागायचे असेल तर आपलेही दार उघडे ठेवून मागा, नाहीतर मला घरात आणूच नका.

ती दोरी मात्र न्या लिब्रादाने कडीवरून सोडवलीच नाही, ती अजून तिथेच लटकते आहे. मी ज्या घरी जाते तिथे कुणीतरी आधी तिच्याकडे बघते, मग आपल्या मुलांकडे बघते, आणि माझी दारे पुन्हा बांधावीत की काय असा विचार करते. मी तुमच्या घरी आले की पहिल्यांदा ती दोरी काढून चुलीत टाका.