सखाबद्दल दोन शब्द

पेणमध्ये कोणी गेलं की दहाव्याला नदीकाठी दोन शब्द बोलायला गोपाळकृष्ण पटवर्धन सरांना बोलावत. निवृत्त मुख्याध्यापक, आवाज खणखणीत, आणि कोणाचं मन दुखावणार नाहीत याची खात्री. गेलेला माणूस भावाची जमीन लाटणारा असो की बायकोला मारणारा, सरांच्या भाषणात तो 'निर्व्यसनी, निगर्वी आणि सालस' होऊनच वर जायचा. एवढी सालस माणसं या गावात होती तर जिवंतपणी कुठे दडून बसली होती, असा प्रश्न हल्ली सरांनाच पडायचा. या कामाचा त्यांना शीण आला होता.

अशात एका सकाळी पारी दारात येऊन उभी राहिली. धरमतरच्या खाडीकडे कातकरी वाडी आहे, तिथली. तिचा नवरा सखा गेला होता.

"उद्या त्याचं बारावं हाय, गुरुजी. तुमी सगल्यांसाठी बोलताव. माज्या मानसासाठी बी दोन शबूद बोला."

सखाला कोण ओळखत नव्हतं? खाडीत कोणी बुडालं की पोलीस त्यालाच बोलावून आणायचे. तो पिऊन पाण्यात उतरायचा आणि प्रेत घेऊन वर यायचा. अकरा वर्षांपूर्वी सरांचा एकुलता एक मुलगा ऋत्विक मित्रांबरोबर पोहायला गेला आणि परत आला नाही, तेव्हाही सखाच आला होता. झोकांड्या खात आला होता. सर त्याच्या अंगावर धावून गेले. "दारू पिऊन माझ्या मुलाला हात लावायचा नाही! चालता हो!" शंभर माणसांत ओरडले. सखा मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋत्विक सापडला. सर तेव्हा शुद्धीत नव्हते. त्याला सखानेच काढलं, हे मागाहून कळलं. आभार मानायला जायचं राहून गेलं, असं ते सांगत. खरं म्हणजे राहून वगैरे काही गेलं नव्हतं. बेवड्यापुढे हात जोडायला त्यांचं मन घेत नव्हतं.

"येतो," ते म्हणाले.

पारी गेल्यावर सरांच्या पत्नी वत्सलाताईंनी आतून एवढंच विचारलं, "काय बोलणार?"

"माफी मागणार. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोरच मागायला हवी."

वाडीत पन्नासेक माणसं जमली होती. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून खुर्चीत ठेवला होता. सर उभे राहिले, डोळे मिटले, आणि जीभ आपल्या सवयीने चालू लागली. "कैलासवासी सखा हे अत्यंत निर्व्यसनी..."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि सगळी वाडी हसली. पारीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुळवून आणलेलं एकही वाक्य आठवेना.

"मी त्याला हाकलून दिलं होतं," ते म्हणाले. "माझा मुलगा पाण्यात होता, आणि मी याच्या तोंडाचा वास बघत होतो. त्याने माझा मुलगा आणून दिला. अकरा वर्षं मी त्याच्या दारात आलो नाही. माझं चुकलं."

एवढं बोलून ते खाली बसले. हसणं केव्हाच थांबलं होतं.

निघताना पारी बांधापर्यंत आली.

"नीट बोलता आलं नाही गो," सर म्हणाले.

"नाय गुरुजी, बरोबर बोललाव. शुद्धीवर मेल्या मानसाला हात लावायला त्याचा धीर व्हायचा नाय, म्हनून प्यायचा. पन तुमी बोललाव ते त्याला लागलं. गुरुजींचा पोर हाय, म्हनला. दुसऱ्या दिवशी थेंब न घेता उतरला. तुमी निर्व्यसनी म्हनलाव ना, ते त्या एका दिवसापुरतं खरं हाय."

"मग?" सरांनी विचारलं.

"मंग म्हैनाभर निजला नाय. डोले मिटले की तुमच्या पोराचं तोंड दिसायचं. मंग पयल्यापरीस दुप्पट प्यायला लागला. त्यातच गेला."

तिने हे भांडण काढावं तसं सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. सरांनी हात जोडले. पण पारी तोवर मागे फिरली होती. मंडळी जेवायची होती, तिला वाढायचं होतं.