साबणासकट परत

गुलामी संपून सोळा वर्षं झाली, तरी झिल्फा मिम्स कॅलोवेंच्याच घरचे कपडे धूत होती. आधी फुकट, मग मजुरीवर, एवढाच काय तो फरक. मी तिची शेजारीण. अटलांटात आम्ही समरहिल या काळ्यांच्या वस्तीतल्या बायका बहुतेक सगळ्याच हे काम करायचो. सोमवारी गोऱ्यांच्या घरून गाठोडी आणायची, अंगणातल्या कढईत उकळायची, शनिवारी इस्त्री करून पोचवायची.

१८८१च्या जुलैत चर्चमध्ये सभा झाली. दर वाढवून मिळेपर्यंत कुणी कपड्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. झिल्फा शेवटच्या बाकावर बसली होती. शपथेला मात्र उठली नाही.

"या वयात मला नवी मालकीण कोण देणार?" वाटेत ती मला म्हणाली.

पुढच्या सोमवारी ती कॅलोवेंचं गाठोडं डोक्यावर घेऊन येत होती. गल्लीच्या तोंडाशीच ऑर्फा टेटने तिला अडवलं. ऑर्फा संपवाल्यांतली सगळ्यांत तिखट.

"काय गं झिल्फामावशी, तू सुटलीस हे तुझ्या मालकिणीला कुणी सांगितलं नाही वाटतं?"

"वाट सोड."

"सोडते. पण उद्या हे गाठोडं दिसलं ना, तर तुझं डोकंच कढईत उकळीन!"

पोलीस मागेच उभा होता. त्याने ऑर्फाला दंडाला धरून नेलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात झिल्फाला साक्षीला बोलावलं. आम्ही दहाबाराजणी भिंतीला लागून उभ्या होतो. ही आता ऑर्फाला अडकवणार, अशी आमची खात्री होती.

"हिने तुला धमकी दिली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, साहेब. साबण कुठला वापरतेस, विचारत होती."

"शिपाई म्हणतो, डोकं उकळीन म्हणाली."

"तिची बोलायची रीतच तशी आहे. तिच्या नवऱ्याला विचारा. तो बिचारा दहा वर्षं शिजतोय."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. दंड भर, नाहीतर वीस दिवस रस्त्यावर खडी फोड, असा निकाल दिला.

"खडी फोडते," ऑर्फा म्हणाली. जाताना तिने झिल्फाकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर झिल्फाने कढईखालच्या विस्तवावर पाणी ओतलं. काठीने कपडे उपसले, तसेच चादरीत बांधले आणि निघाली. मी सोबत गेले.

मालकीणबाईंनी दार उघडलं.

"अगं, हे तर ओले आहेत!"

"हो, बाई. साबणही आहे आत. माझाच आहे, पण राहू द्या."

"रविवारी पाहुणे यायचेत, झिल्फा. मी काय करू?"

"धुवायचे. अवघड नाही, बाई. मी आठ वर्षांची असताना शिकले."

नंतर नगरपालिकेने धाक घातला, की प्रत्येक धुणेवालीने भरमसाट पैसे भरून वर्षाचा परवाना काढावा. आमच्या बायकांनी लिहून कळवलं, काढतो, पण मग दर आम्हीच ठरवू. परवान्याची गोष्ट तिथेच बारगळली.

ऑगस्टच्या शेवटी कॅलोवेंची स्वयंपाकीण गाठोडं घेऊन आली. निम्मे कपडे बुरशीने काळे पडले होते. झिल्फाने नवा दर सांगितला, त्यांनी मान्य केला. सगळ्यांचं तसं झालं नाही. माझी मालकीण ऐकेना, मी दुसरं घर धरलं. काहीजणी मुकाट्याने जुन्याच दराला गेल्या.

ऑर्फा सुटून आली तेव्हा तिच्या तळहातांची सालं निघाली होती. महिनाभर तिला पिळता येईना. तिची गाठोडी झिल्फाच धुवायची. दोघींचं पटलं मात्र कधीच नाही.

"खळ जास्त घातलीस," ऑर्फा पायरीवर बसून म्हणायची.

"मग ऊठ आणि तू घाल," असं म्हणून झिल्फा पुढचा सदरा घ्यायची.