सात छपरांचं देऊळ

कुलूच्या खोऱ्यात मी जाऊन आले, यात खोटं काही नाही. देऊळ मात्र एकही पाहिलं नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांबरोबर निघाले, वाटेत चंदीगडला भजी खाल्ली आणि कुलूच्या धर्मशाळेत चार दिवस पोट धरून पडले. बाकीच्या जणी रोज देवळं बघून यायच्या आणि माझ्या उशाशी बसून रंगवून सांगायच्या. मी सगळं ऐकून ठेवलं. सांगलीला परतल्यावर मावंदं घातलं, साठ पानं उठली. मावंदं घातलेल्या बाईला कोण विचारतंय, देऊळ पाहिलंस का म्हणून? दहा वर्षं मी त्या डोंगरांचं, त्या देवळांचं वर्णन करत आले. इतकं झकास करायची, की ज्या खरोखर बघून आल्या होत्या त्याही पुढेपुढे मलाच विचारायला लागल्या.

शहाण्णव साली माझ्या लेकाने, मोरेश्वरने, मला जपानात, कावासाकीला आणलं. त्याच्या ऑफिसातले मोठे साहेब कुरोदा-सान. त्यांनी कुठल्याशा मासिकात त्याच खोऱ्यातल्या मनालीच्या हिडिंबेच्या देवळाचा फोटो पाहिला. लाकडी देऊळ, छपरावर छप्पर, थेट जपानातल्यासारखं. रिटायर झालो की बायकोला घेऊन तिथेच जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. आमच्या लेकाची जीभ कुठली गप्प बसायला! "माझी आई जाऊन आलीय," म्हणाला.

झालं. शुक्रवारी साहेब बायकोसकट आमच्याकडे जेवायला हजर. हातात वही, फूटपट्टी आणि दोन रंगांच्या पेन्सिली. मध्ये सून अनुराधा, मराठी-जपानी इकडचं तिकडे करायला.

"आई, फोटोत वरचा भाग झाडाआड गेलाय. एकूण छपरं किती, असं विचारतायत."

"सात."

"सात?"

"साताच्या खाली देवी राहत नाही. सांग तू."

साहेबांनी फूटपट्टी लावून सात छपरं काढली.

"पायऱ्या किती?"

"एकशे एक. शेवटची मोडकी आहे म्हणावं, जपून."

साहेबांनी मोडकी पायरी लाल पेन्सिलीने काढली. आता मला थांबता येईना. मी बोलतेय आणि माणूस वहीत उतरवून घेतोय, हे सुख जन्मात मिळालं नव्हतं. आमच्या घरात मी तोंड उघडलं की लोक पेपर उघडतात.

"चपला कुठे काढायच्या?"

"एसटी स्टँडवर. तिथून पुढे अनवाणी. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोक्यावर नारळ धरायचा आणि देऊळ येईपर्यंत अक्षर बोलायचं नाही."

"आई, हे कुणी सांगितलं?" मोरेश्वर म्हणाला.

"देवीने. तू गप जेव."

पुढच्या रविवारी सकाळी मोरेश्वर उतरलेल्या तोंडाने माझ्यासमोर उभा. "आई, साहेबांनी नदीकाठी सराव ठेवलाय. अख्खं सेक्शन बोलावलंय."

"कसला सराव?"

"तू सांगितलेला!"

तामागावा नदीच्या काठावर जाऊन पाहते तर अकरा माणसं रांगेत, अनवाणी. नारळ कुठे मिळाले नव्हते, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर अननस. वाऱ्यावर तुरे डुलतायत आणि कोणी चकार शब्द काढत नाही. मोरेश्वरही चपला काढून, वाट्याचा अननस घेऊन रांगेत शिरला. लग्नात मुंडावळ्या बांधताना याच नवरदेवाने केवढा थयथयाट केला होता! पळायला आलेला एक म्हातारा थांबला, रांगेला वाकून नमस्कार करून पुढे गेला.

मला हसू आवरेना. मग रांगेच्या शेवटी नजर गेली. साहेबांची बायको, साठीची, चिमणीएवढी. काठावरच्या गोट्यांनी टाच फुटून रक्त आलेलं. पण बोलायचं नाही ना, म्हणून ओठ दाबून चाललेली. मला पाहिल्यावर तिने एका हाताने अननस सावरला आणि मान लववली.

खरं सांगावं तर दहा वर्षांची अब्रू जाते, वर सगळ्या ऑफिससमोर लेकाचं नाक कापलं जातं. न सांगावं तर ही बाई उद्या हिमालयात अशीच चालेल. इथे गोटे आहेत, तिथे बर्फ.

"अनुराधा, सांग त्यांना. मी देऊळ पाहिलेलंच नाही. पोट बिघडून धर्मशाळेत पडले होते. छपरं, पायऱ्या, नारळ, सगळं माझ्या डोक्यातलं."

"आई!"

"आई काय? जपानी येतं ना तुला? मग बोल."

तिने सांगितलं. रांग तशीच उभी. कोणी हलेना की बोलेना.

"एवढे चिडले?" मी विचारलं.

"नाही हो आई. न बोलायचा नियम सुटला असं तुम्ही म्हणाला नाहीत."

"मग सुटला म्हण की, बये!"

सगळ्यात आधी माझ्याच दिवट्याला तोंड फुटलं. "आई, मावंद्याला साठ पानं उठवलीस!"

"आणि त्यातले नऊ लाडू तू खाल्लेस."

कुरोदा-सानांनी अननस खाली ठेवला, वही उघडली आणि सातही छपरांवर शांतपणे लाल काट मारली. मग अनुराधाकडून विचारलं, "मग आईंनी तिथे पाहिलं काय?"

आता लाजून काय उपयोग? "धर्मशाळेचा संडास," मी म्हटलं.

हे ऐकताच त्यांची बायको लंगडत पुढे आली, माझा हात धरला आणि भडाभडा बोलायला लागली. अनुराधाला हसता हसता सांगता येईना. "आई, त्या विचारतायत, किती होते, पाणी होतं का, कडी आतून लागते का. या धास्तीपायी त्यांना जायचंच नव्हतं. साहेबांना हे विचारायची चोरी, आणि मासिकात कोणी छापत नाही."

मी गवतावर फतकल मारली. बाईंच्या टाचेला माझा हातरुमाल बांधला आणि सांगायला लागले. संडास तीन. डावीकडच्याची कडी ढिली, दार पायाने दाबून धरायचं. बादली अंगणातल्या नळावरून भरून न्यायची. पहाटे पाचच्या आत गेलं तर रांग नाही. अननस बाजूला ठेवून सगळं सेक्शन भोवती गोळा झालं. साहेबांनी नव्या पानावर फूटपट्टीने तीन दारं काढली आणि डावीकडच्या कडीखाली दोनदा रेघ ओढली.

"दार आत उघडतं की बाहेर?" त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटून नीट आठवलं. "आत," म्हटलं. "आणि करकरतं."