कांदा निर्दोष

निफाडच्या झुंबरआबांची तक्रार गॅस कंपनीच्या नाशिक ऑफिसात तिसऱ्यांदा आली: शेताशेजारच्या गॅस स्टेशनातून सडक्या कांद्याचा वास येतो. तिथे तक्रारी बघणाऱ्या सुनीलने ती तिसऱ्यांदा बंद केली. शेरा तोच, 'तक्रारदाराकडे कांद्याची चाळ आहे.' निफाडात कांद्याचा वास येणार नाही तर काय मोगऱ्याचा?

खरं तर गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कंपनीच तो मिसळते. सुनीलला हे पाठ होतं. पण सोमवारी त्याच स्टेशनाला कंपनीचा 'शून्य गळती' पुरस्कार मिळणार होता आणि सुनीलला बढती.

चौथ्या तक्रारीला आबांची समजूत काढायला तो नवा कॅमेरा घेऊन गेला, न दिसणारा गॅस दाखवणारा. आबांनी सगळी चाळ रिकामी केली होती. एकेक कांदा हुंगून अंगणात मांडलेला. त्यांच्या बायकोने, लताबाईंनी, अबोला धरला होता.

"आता दाखव सायेब, कोणता कांदा?" आबा म्हणाले.

सुनीलने कॅमेरा स्टेशनाकडे वळवला. डोळ्यांना नुसतं निळं आभाळ. पडद्यावर मात्र एका व्हॉल्व्हमधून काळाकुट्ट लोट उसळत होता. आधीच लावलेल्या 'शून्य गळती'च्या नव्याकोऱ्या बोर्डाला वळसा घालून, कडुनिंबाच्या शेंड्यावरून, द्राक्षबागेवर पसरत तो चढतच राहिला. सुनीलची मान मागे जात गेली आणि टोपी पडली. लताबाईंनी पडद्यात डोकावून नकळत हात जोडले.

"हे रोज आपल्या डोक्यावर हाय?" अबोला सुटला.

सुनीलने ऑफिसात त्याच्या वरिष्ठ खंडेराव साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. साहेब म्हणाले, बॅटरी संपली असं लिही, सोमवारनंतर बघू. गॅस हवेतच तर जातोय.

"हवेतच तर आम्ही ऱ्हातो," आबा म्हणाले. "माझ्या शेगडीची नळी गळली तर चूक माझी. तुमची गळली तर कांद्याची?"

साहेबांनी फोन ठेवला. सुनील अजून वरच बघत होता. या गॅसमधला मिथेन धरतीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तापवतो, हेही त्याला पाठ होतं. पाहिलं आज पहिल्यांदा!

त्याने व्हिडिओ जोडून अहवाल पाठवला: गळती आहे, जबाबदारी कंपनीची. पुरस्कार गेला, बढतीही गेली. व्हॉल्व्ह बदलला आणि बाकीच्या स्टेशनांकडेही कॅमेरे वळले. काढलेला बोर्ड आबांनी मागून नेला आणि चाळीवर ठोकला. तिथे तो खरा आहे.

तेव्हा मंडळी, ज्याच्या नळीतून गॅस जातो त्यानेच तो मोजावा, सांगावा आणि थांबवावा. आणि वास आला, तर कांद्याला नव्हे, कंपनीला जाब विचारावा.