तिसऱ्या गिअरचा आवाज

"दात काय काढतोस? माझ्या बहिणीच्या गळ्यात खटारा मारलास तू!" उस्तादाने व्हॅनच्या बॉनेटवर असा दणका घातला की जुन्या गाड्या विकणारा दलाल खुर्चीतून ताडकन उठला. "चार दिवसांत गिअरबॉक्सनं मान टाकली. तीही भर चौकात, गाडीत पाव भरलेले असताना!"

बहीण मागे उभी होती. नवऱ्याची नोकरी गेल्यावर पाव पोचवायचं हे काम तिने हातापाया पडून मिळवलं होतं, आणि बेकरीवाल्याने स्वच्छ बजावलं होतं: गाडी नाही तर काम नाही. म्हणून तर ही जुनी व्हॅन. तीही भावाला दाखवून घेतलेली! तीस वर्षं गिअरबॉक्स खोलणाऱ्या माणसाने हो म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं?

"उस्ताद, उगाच आवाज चढवू नका," दलालही तापला. "चालवून तुम्हीच बघितलीत. तिसऱ्या गिअरला बेअरिंग ओरडत होतं. मला वाटलं, आता हे भाव पाडणार. तर तुम्ही म्हणालात, गिअर लोण्यासारखे पडतात! मी काय तुमचं तोंड दाबू?"

"खोटारड्या! आवाज नव्हता!"

"होता, दादा," बहीण मागून म्हणाली.

तो दलालावरच ओरडत राहिला. तिने दंड धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"होता आवाज. मी शेजारीच बसले होते. तू काही बोलला नाहीस, म्हणून म्हटलं, जुन्या गाडीत असतच असेल."

त्याची नजर तिच्या ओठांवर खिळली होती.

"दादा, तुला ऐकू येत नाही?"

"येतं! बारीक आवाज तेवढे निसटतात. लिव्हरवर हात ठेवला की मला सगळं कळतं. दोन वर्षांत एक तक्रार नाही!"

"दोन वर्षं?" तिचा आवाज चिरकला. "ह्यांची नोकरी गेली हे फोनवर सांगितलं, तर तू 'बरं झालं' म्हणून मोकळा झालास! वर्षभर मी ते मनात धरून बसलेय. सांगायला काय झालं होतं तुला?"

त्याने मान खाली घातली.

"सांगितलं असतं, तर कुणी गिअरबॉक्स आणून दिला असता मला?"

आपल्या समजुतीने त्याने हे तिच्या एकटीच्या कानात, अगदी हळू विचारलं. आवाराच्या पार टोकाला टायर बदलणारी माणसं हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघायला लागली.