रेंजमधली म्हैस

त्या वर्षी सीमेवर वातावरण तापलं आणि नगरजवळच्या डोंगरातल्या फायरिंग रेंजला उसंत म्हणून राहिली नाही. एरवी अधूनमधून वाजणाऱ्या तोफा आता रोज वाजू लागल्या. त्यात सरकारनं नव्या तोफा घेतलेल्या, त्यांची चाचणीही इथंच होणार होती. रेंजच्या कडेला सविताची वस्ती. तिचा नवरा गोरक्षनाथ बातम्यांपुढून हलायला तयार नव्हता.

"शेजाऱ्यानं दहा घेतल्या की आपुन वीस घ्यायच्या," तो हात उडवून सांगायचा. "आता बघच तू!"

"बघते की. आदी म्हशीला वैरण टाका."

असं म्हणायची खरी, पण चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्या तोफा रस्त्यानं गेल्या तेव्हा तीही भाकरी तव्यावर टाकून दारात धावली होती. अबब, काय त्या लांबलचक नळ्या! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला होता.

चाचणीच्या दिवशी सकाळीच गाडी भोंगा वाजवत आली. सगळ्यांनी गुरंढोरं घेऊन शाळेच्या मैदानावर जमायचं होतं. सविताचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तिनं शेळ्या पुढं लावल्या, म्हशीचं दावं सोडायला गोठ्यात गेली आणि जागीच थबकली. खुंट्याला नुसता तुटका दोर. दिवस भरलेली म्हैस आडोसा शोधत निघून गेली होती, आणि खुरांचे ठसे सरळ रेंजच्या तारेपलीकडं गेले होते.

"अगं, आत जाऊ नगं!" गोरक्षनाथ ओरडला. "तोफा सुटायच्यात आता!"

पण सविता कधीच धावत सुटली होती.

लाल निशाणापाशी उंच, पगडीवाला जवान पहाऱ्यावर होता. त्यानं बंदूक आडवी धरली.

"रुको! फायरिंग शुरू होने वाली है!"

"माजी म्हस आत हाय!" सविताला धाप लागली होती. "भैस! पोट से हाय! आज व्यायची हाय ती!"

"भैंस के लिए फायरिंग रुकेगी क्या? जाओ, माताजी, जाओ!"

"मग मी जाते आत. सोडा तुमचे गोळे!" ती तारेखालून वाकलीसुद्धा.

जवानानं तिचा दंड धरून मागं ओढलं. पण त्याचा आवाज एकदम उतरला.

"मेरा गाँव बॉर्डर पर है," तो म्हणाला. "जब भी गाँव खाली कराते हैं, मेरी माँ ऐसे ही अड़ जाती है. कहती है, भैंसें नहीं छोड़ूँगी."

"मग बरोबर हाय तुमच्या आईचं," सविता म्हणाली.

त्यानं वायरलेस उचलला. पलीकडून कुणीतरी जोरात खेकसलं. जवान पुन्हा बोलला, आर्जवानं. मग नुसती खरखर. आणि डोंगरावर वाजत असलेला भोंगा मधेच बंद पडला! फायरिंग रोखलं होतं.

धुरळा उडवत जीप आली. पुढं बसलेल्या भरघोस मिशांच्या साहेबानं सविताला खुणेनं मागं बसायला सांगितलं, जवानही चढला, आणि जीप माळावरून उधळली. गंजलेल्या जुन्या रणगाड्यांना वळसे घालत, दगडांवरून उसळ्या मारत. सविताचा पदर उडून गेला, केस सुटले. आयुष्यात ती एवढ्या वेगानं कधी कुठं गेली नव्हती. भीती होती, पण त्याहून जास्त मजाच वाटत होती, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"ती बघा! ती बघा!"

जुन्या गोळ्यानं पाडलेल्या खड्ड्यात म्हैस उभी होती, आणि तिच्या पायाशी ओलंचिंब पिल्लू धडपडत उठू बघत होतं. जीप थांबायच्या आत सविता उडी टाकून खड्ड्यात उतरली. तिनं शेपटी उचलून बघितलं.

"पारडी झाली! पारडी!"

जवानानं वायरलेसमध्ये ओरडून सांगितलं, "सर, लड़की हुई है!" पलीकडून हास्याचा गदारोळ उठला. कडक चेहऱ्याचे साहेबही मिशीत हसले.

जीप परत निघाली ती रांगतच. सविताच्या मांडीवर पारडी, मागून रेकत येणारी म्हैस. शाळेच्या मैदानावर शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ. गोरक्षनाथनं म्हशीला कवेत घेतलं, तेवढ्यात पहिली तोफ सुटली. जमीन हादरली, शाळेचे पत्रे थरथरले, आणि बिथरलेल्या म्हशीनं त्याला पार हापशापर्यंत फरफटत नेलं. ज्या चाचणीची त्यानं महिनाभर वाट पाहिली, तिच्यातलं त्याला चिखलाशिवाय काही दिसलं नाही. सविता मात्र पारडीचे कान दाबून धरत, डोळे विस्फारून समोरचा डोंगर धुरात बुडताना बघत होती.

दोन दिवसांनी तिनं चिकाचा खरवस केला, वेलदोडा घालून, आणि डबा घेऊन निशाणापाशी गेली. तिथं दुसराच, कोवळ्या चेहऱ्याचा जवान होता.

"ते पगडीवाले कुटं हायत?"

"वो तो कल ही निकल गए. पूरी पलटन बॉर्डर पर गई है."

ज्या मुलखातून त्याची आई हलत नव्हती, तिकडंच तो गेला होता. नाव तरी विचारायला हवं होतं त्याचं.

मग तिनं डब्याचं झाकण काढलं आणि डबा नव्या जवानापुढं धरला.

"घ्या. गार व्हायच्या आत खावा. आनि तुमचं नाव काय म्हनलात?"